नव्याने स्वयंपाकघर सांभाळताय? काटकसर कुठून सुरू करायची

स्वतःच्या पैशांनी किराणा भरायची वेळ आली की डोक्यात पहिला प्रश्न येतो, स्वस्त कुठे मिळेल. तो विचारायलाच हवा, पण त्याआधीचा प्रश्न बहुतेकांच्या हातून सुटतो. आणलेल्या जिनसांपैकी पोटात किती जातं आणि कचऱ्यात किती? भाजी घासाघीस करून आणली आणि त्यातली निम्मी सडली, तर ती दुप्पट भावाने घेतल्यासारखीच झाली. म्हणून या लेखात बाजारापेक्षा फ्रिज, डबे आणि शेगडी यांबद्दलच जास्त लिहिलं आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या दोन केल्याशिवाय पुढच्यांचा फारसा उपयोग होत नाही.

हाताशी काय असावं

- झाकणाचे पसरट, उथळ डबे. शक्यतो एकाच मापाचे, म्हणजे एकावर एक बसतात आणि झाकणं शोधत बसावं लागत नाही
- जाड बुडाचं एक पातेलं आणि त्यावर नीट बसणारं झाकण
- प्रेशर कुकर
- फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर
- दोन-तीन स्वच्छ सुती कापडं
- चिकटपट्टी, पेन आणि एक वही
- मापासाठी ठरलेली एक वाटी. रोज तीच वापरायची

सोलायची, कापायची, किसायची निरनिराळी यंत्रं आत्ताच घेऊ नका. चांगली धार असलेली एक सुरी ती सगळी कामं करते. बोथट सुरी मात्र नको. ती जोर लावायला लावते, घसरते आणि बोट कापते.

१. आधी कचऱ्याचा डबा बघा

एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त अन्न म्हणून जे जे टाकाल ते वहीत लिहा आणि पुढे कारण लिहा. कारणं साधारण चारच निघतात: जास्त आणलं, चुकीच्या जागी ठेवलं, जास्त शिजवलं, किंवा आहे हेच विसरलो. चारांवरचे उपाय वेगळे आहेत. विसरण्याचा रोग असेल तर चिकटपट्टी आणि पेन पुरतं. जास्त शिजत असेल तर वाटीचं माप पक्कं करायला हवं. चुकीच्या जागी ठेवलं जात असेल तर तिसरी पायरी नीट वाचा. हा आठवडा गाळून थेट उपायांकडे धावणारे लोक जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करत बसतात.

२. ‘काय आहे’ची यादी आधी, ‘काय आणायचं’ची नंतर

‘आज काय खावंसं वाटतंय’ या प्रश्नाने खरेदीची यादी सुरू झाली की खर्च वाढतो. त्याऐवजी ‘आधी काय खराब होणार आहे’ हे विचारा. पालेभाज्या आणि मऊ फळं आठवड्याच्या सुरुवातीला, कोबी-गाजरासारख्या कडक भाज्या नंतर, आणि बटाटे, कांदे, कडधान्यं सगळ्यांत शेवटी. एवढ्यानेच अर्धं नियोजन होऊन जातं.

खरेदीत दोन सापळे आहेत. पहिला मोठ्या पाकिटाचा. भाव पाकिटावरून बघू नका, किलोमागे किंवा लिटरमागे काढा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त निघतंच असं नाही, आणि निघालं तरी ते संपायच्या आत खवट झालं तर बचत गेलीच. मीठ, साखर, कोरडी कडधान्यं मोठ्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही. तेल, दाण्याचं कूट, कोंड्यासकट दळलेली पिठं यांत स्निग्धांश असतो आणि तो हवेने खवट होतो, म्हणून ती बेताने घ्या.

दुसरा सापळा तारखांचा. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशा अर्थाचं लिहिलं असेल तर ते चव आणि दर्जाबद्दल असतं. बंद पाकिटातली कोरडी जिन्नस त्या दिवसानंतर लगेच फेकायची गरज नसते, उघडून वास घ्या, चव बघा. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ हे मात्र सुरक्षिततेबद्दल असतं आणि तिथे नाकावर विसंबून चालत नाही. आजारी पाडणाऱ्या अनेक जिवाणूंना वासही नसतो आणि चवही.

३. जिथलं तिथे ठेवा

खरे पैसे इथे वाचतात, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू.

*फ्रिज.* आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असायला हवं, फ्रीझरचं उणे १८. बटणावरच्या १, २, ३ या आकड्यांचा अंशांशी काही संबंध नसतो. म्हणूनच थर्मामीटर. दाराचा कप्पा हा फ्रिजचा सगळ्यांत उबदार भाग. कंपन्या तिथे बाटलीची सोय करतात खरी, पण दूध आतल्या कप्प्यात मागच्या बाजूला जास्त टिकतं. दारात सॉस, लोणची असलं ठेवा. कच्चं मांस-मासे घरात येत असतील तर ते झाकून सर्वांत खाली, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढून निघत असेल तर थंडावा आणि वीज दोन्ही बाहेर चालली आहेत.

*पालेभाजी.* ती दोन गोष्टींनी मरते: साचलेलं पाणी आणि कोरडी हवा. जुडीचा दोरा किंवा रबर काढा, पिवळी-सडकी पानं वेगळी करा, कोरड्या सुती कापडात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायचीच असेल तर पूर्ण निथळून, पुसून मगच. ओली पानं पिशवीत कोंबली की दोन दिवसांत बुळबुळीत होतात.

*फळांचा शेजार.* केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि शेजारची भाजी लवकर पिकते, पिवळी पडते. पालेभाजी, काकडी, ब्रोकोली यांच्याजवळ ही फळं ठेवू नका. हीच गोष्ट उलट वापरता येते: कच्चं फळ पिकवायचं असेल तर ते पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा.

*बटाटे आणि कांदे.* दोन्हींना अंधार, गारवा आणि खेळती हवा लागते, पण एका टोपलीत नको. बटाट्याचा ओलावा कांद्याला सडवतो. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी हरितद्रव्याचा असतो, पण त्याच्याबरोबर सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढलेली असतात आणि ती शिजवून जात नाहीत. थोडासा हिरवेपणा किंवा एखाद-दुसरा कोंब असेल तर खोलवर कापून टाका. बराच हिरवा किंवा चवीला कडू असेल तर पूर्ण बटाटाच टाका. बटाटे फ्रिजमध्येही नकोत. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, ते गोडसर लागतात आणि तळताना लवकर काळपटतात.

*ब्रेड.* ब्रेड फ्रिजमध्ये बाहेरपेक्षा लवकर वातड होतो, कारण स्टार्च पुन्हा कडक होण्याची क्रिया थंडीत वेगाने होते. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. काप वेगळे करून ठेवले तर लागेल तेवढाच काढता येतो.

*धान्य आणि पीठ.* किड्यांची अंडी कित्येकदा पाकिटासोबतच घरात येतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर नवं पाकीट चार दिवस उणे १८ अंशांवर ठेवा, मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्यानंतरच उघडून डब्यात भरा. गार पाकीट लगेच उघडलं तर हवेतला ओलावा आत धरतो. जुन्या डब्यात तळाशी उरलेल्या पिठावर नवं पीठ ओतायचं नाही. कीड अशीच पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकते.

४. शेगडीवरचा खर्च

उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून अन्न लवकर शिजत नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, मग ते हळू उकळो की धडाधडा. जास्तीची आच फक्त पाण्याची वाफ करते, आणि वाफ करणं फार महाग पडतं. पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच पाणी पूर्ण वाफ व्हायला खाते. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आच, मग झाकण आणि मंद आच. सगळ्या युक्त्यांत ही एकच लक्षात ठेवलीत तरी चालेल.

बाकीच्या छोट्या:

- ज्वाळा भांड्याच्या बाजूने वर येताना दिसली तर तेवढं इंधन हवेत जातंय. भांडं मोठं घ्या किंवा आच कमी करा.
- गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, भांड्याला काजळी धरली, तर बर्नरची छिद्रं साफ करा. तरी फरक पडला नाही तर जाणकाराला दाखवा.
- तांदूळ अर्धा तास भिजवून टाकले तर लवकर शिजतात.
- भाजीच्या फोडी सारख्या मापाच्या करा, नाहीतर बारीक फोडींचा लगदा होतो आणि मोठ्या कच्च्या राहतात.
- झाकण असलेलं जाड भांडं शिजत आल्यावर बंद करून तसंच ठेवा. शेवटची काही मिनिटं साठलेल्या उष्णतेवर निघतात.

कुकरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण नवखे लोक त्याला घाबरतात किंवा त्याच्यावर नको इतका विश्वास टाकतात. आत दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, म्हणून शिजणं झटपट होतं. उंचावरच्या गावी तर तो लागतोच. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, आणि उघड्या पातेल्यात कडधान्य शिजता शिजत नाही. दाब तयार झाला की आच कमी करायची. शिट्ट्यांवर शिट्ट्या होणं म्हणजे वाफ आणि इंधन वाया जाणं. कुकर दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका. कडधान्यं आणि डाळी फेसाळतात, फुगतात, म्हणून त्यांच्यासाठी अर्ध्यापर्यंतच. वाफ निघायचं भोक मोकळं आहे ना, हे दरवेळी उजेडासमोर धरून बघा. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, तेवढ्या वेळात फुकट शिजत असतं.

५. कडधान्यं: कमी पैशांत पोटभर

कोरडी कडधान्यं स्वस्त, टिकाऊ आणि प्रथिनांनी भरलेली असतात. तरी नवखा माणूस ती एकदा करून सोडून देतो, कारण गणंग राहतात. कारण बहुधा तीनपैकी एक असतं.

दाणे फार जुने असतील तर ते कितीही शिजवा, पूर्ण मऊ होत नाहीत. उष्ण, दमट जागी ठेवलेले तर आणखी लवकर हट्टी होतात. दुसरं, आंबट पदार्थ लवकर घातला. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी दाण्यांची सालं घट्ट राहतात. आंबट नेहमी दाणे मऊ झाल्यावर घाला. तिसरं, पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांनी वेळ लागतो. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा काम करतो. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

मिठाबद्दलचा समज मात्र खोटा आहे. मिठाने कडधान्यं कडक होत नाहीत, उलट भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं (लिटरला एक मोठा चमचा) तर सालं मऊ पडतात आणि दाणे कमी फुटतात. भिजवलेलं पाणी फेकून, दाणे धुवून, ताज्या पाण्यात शिजवा. पोटात वायू करणारी काही द्रव्यं त्या पाण्याबरोबर जातात.

आता एक गंभीर इशारा. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि अर्धवट शिजलेल्या मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका, मग ताज्या पाण्यात खळखळून उकळा. किमान १० मिनिटं तरी हवीतच, ३० मिनिटं उकळलं तर अधिक निर्धास्त. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवा. कमी तापमानावर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथे पाणी खळखळत नाही आणि विषाचा जोर कमी होण्याऐवजी वाढू शकतो. वर मंद आचेचं कौतुक केलं, ते इथे उकळीनंतरच लागू.

एकदा बसल्या बसल्या दुप्पट शिजवा. उरलेली कडधान्यं थोड्या पाण्यासकट छोट्या डब्यांत फ्रीझ करा. इंधन एकदाच लागतं आणि थकल्या दिवशी बाहेरून मागवायचा मोह टळतो.

६. उरलेलं अन्न

नियम घड्याळाचा आहे. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका. हवा ३२ अंशांहून तापलेली असेल तर एकच तास. जिवाणू साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर त्याचा मधला भाग कित्येक तास याच पट्ट्यात असतो. उथळ डब्यांत पसरून ठेवा. जरा कोमट असतानाच फ्रिजमध्ये गेलं तर चालतं, पूर्ण गार होण्याची वाट बघत रात्र काढण्यापेक्षा ते बरंच.

भाताला वेगळी वागणूक द्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी कितीही परतला तरी भरवशाचा नाही. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी खुशाल खा.

गरम करताना फक्त खाणार तेवढंच काढा आणि सगळीकडून वाफ येईपर्यंत, म्हणजे ७५ अंशांच्या आसपास, गरम करा. डब्यावर तारीख लिहायला चिकटपट्टी आहेच. फ्रीझरमधला डबा ओट्यावर न वितळवता आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. थंडीने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात.

७. बिघडलेलं सावरताना

खारट झालं तर बटाटा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. बटाटा खारट पाणी शोषतो हे खरं, पण उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. उपाय एकच: बिनमिठाचं काहीतरी वाढवा. पाणी, शिजलेली डाळ, भाजी, काहीही. मग चव वाढवण्यासाठी थोडं आंबट घाला.

खाली लागलं तर ढवळू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, चव बघा, करपट वास नसेल तर वाचलं. तिखट झालं तर दूध, दही किंवा स्निग्ध काहीतरी घाला. तिखटपणा आणणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं.

करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा, रात्रभर ठेवा, लाकडी चमच्याने खरवडा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात सोडा नको, ते काळं पडतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची युक्ती दिसायला छान आहे. पण ती दोन्ही एकमेकांना निकामी करतात, उरतं ते जवळजवळ पाणीच. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, अमोनिया किंवा दुसरा कुठलाही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

८. इथे मात्र हात आखडू नका

- मऊ पदार्थावर बुरशी दिसली (ब्रेड, भात, दही, जॅम, मऊ फळ), तर सगळंच टाका. धागे आत पसरलेले असतात. कडक चीज किंवा गाजरासारख्या घट्ट भाजीत बुरशीभोवतीचा अडीच सेंटिमीटरचा भाग कापून बाकीचं वापरता येतं.
- बुरशी आलेले शेंगदाणे, मका, सुकामेवा निवडत बसू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून, शिजवून नाहीसं होत नाही.
- फुगलेला सीलबंद पत्र्याचा डबा उघडूनही बघायचा नाही.
- कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला तेच हवं असतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.
- तळणीचं तेल गाळून, अंधारात ठेवून पुन्हा वापरता येतं. पण ते चिकट झालं, फेस धरू लागलं, लवकर धूर सोडू लागलं की त्याचा शेवट झाला. सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. गार करून जुन्या बाटलीत भरून टाका.
- अंडं पाण्यात तरंगलं तर ते जुनं आहे, खराबच असेल असं नाही. वेगळ्या वाटीत फोडा. खराब असेल तर वास लगेच सांगतो.
- वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज सुमारे ४ तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर तोही भरलेल्यात जमा होतो. बाटली गळ्यापर्यंत मात्र भरू नका, बर्फ फुगतो.